मिळवलेले आणि दाखवलेले

कर्ज विभागाच्या टेबलापाशी वर्षातून अनेकदा घडणारा एक प्रसंग आहे. तालुक्याच्या गावी रंग, पाइप, नळ, खिळे-मोळे असा माल विकणारा एखादा दुकानदार येतो. वय बेचाळीसच्या आसपास, दुकान भर पेठेत, शब्दाला बाजारात किंमत, आजवर एकही धनादेश न वटता परत गेलेला नाही. दिवाळीपूर्वी रंगाचा माल भरायचा असतो आणि त्यासाठी पंधरा लाखांचे खेळते भांडवल हवे असते. अधिकारी आदराने खुर्ची देतो, चहा सांगतो आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे पाहायला मागतो. विवरणपत्रांत उलाढाल पस्तीस लाखांची आणि उत्पन्न दोन लाख ऐंशी हजारांचे असते. तिन्ही वर्षी थोड्याफार फरकाने तेच. मग दुकानदार किंचित पुढे झुकून आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "साहेब, हे कागदावरचं झालं. खरी विक्री ऐंशी लाखांची आहे."

ते खरेच असते. अधिकाऱ्यालाही ते ठाऊक असते. दुकानातली वर्दळ त्याने पाहिलेली असते. पण कर्ज वर्दळीवर देता येत नाही. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी पी. आर. नायक समितीने १९९२ साली जी पद्धत सुचवली आणि रिझर्व्ह बँकेने जी स्वीकारली, ती मुळात सोपी आहे: वर्षभराच्या अपेक्षित उलाढालीच्या किमान वीस टक्के रक्कम बँकेने खेळते भांडवल म्हणून द्यावी. मात्र अपेक्षित उलाढाल हवेतून येत नाही, गेल्या वर्षीच्या कागदावरील उलाढालीवरूनच तिचा अंदाज बांधावा लागतो. ऐंशी लाखांचे वीस टक्के सोळा लाख होतात, पस्तीस लाखांचे सात. दुकानदाराला हवे होते पंधरा लाख. जे त्याच्या खऱ्या धंद्याला सहज मिळाले असते, ते त्याच्याच सहीच्या कागदाने नाकारले.

या माणसाला करबुडवा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. उत्पन्न कमी दाखवणे ही त्याच्या घराण्यात चालत आलेली सावधगिरी आहे, आणि तिचा उगम अगदीच निराधार नाही. १९७३-७४ च्या सुमारास आयकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवणाऱ्या त्या व्यवस्थेचा फटका तालुक्याच्या दुकानदाराला थेट बसत नसला, तरी 'खरे सांगितले तर बुडालो' ही धारणा वरून खाली झिरपत गेली. विक्रीकर, जकात, निरनिराळ्या निरीक्षकांच्या फेऱ्या यांनी ती पक्की केली. पुढे दर उतरत गेले, १९९७ च्या अर्थसंकल्पाने कमाल दर तीस टक्क्यांवर आणला, पण धारणा उतरली नाही. वडिलांनी मुलाच्या हाती दुकानाच्या किल्ल्या दिल्या, त्याच जुडग्यात हीही एक किल्ली होती.

आज त्या किल्लीने कोणते कुलूप उघडते, हे मात्र तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या जाचातून सोडवण्यासाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आली. १९६१ च्या आयकर कायद्यातील ४४एडी हे तिचे कलम. सध्याच्या रूपात ती २०१०-११ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. तेव्हा साठ लाखांपर्यंतच्या उलाढालीला ती खुली होती, २०१२-१३ पासून एक कोटीपर्यंत आणि २०१६-१७ पासून दोन कोटींपर्यंत. रोखीची आवक पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर २०२३-२४ पासून ही मर्यादा तीन कोटींची झाली. उलाढालीच्या आठ टक्के रक्कम नफा म्हणून दाखवावी. बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेपुरते सहा टक्के पुरतात. वह्या ठेवण्याची सक्ती नाही, लेखापरीक्षण नाही, आगाऊ कर वर्षातून एकदाच, १५ मार्चपर्यंत. १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे आकडे बदलले, योजनेचा गाभा तोच राहिला.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर, करसवलत जमेस धरता, काहीही कर लागत नाही. समभाग किंवा जमीन विकून झालेल्या भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न या सवलतीत येत नाही, तो भाग वेगळा. बारा लाखांची रेषा ओलांडताच सगळी सवलत कोसळेल, ही भीतीही खरी नाही. उत्पन्न बारा लाख दहा हजार झाले तर हिशेबाने येणारा साडेएकसष्ट हजारांचा कर घेतला जात नाही. रेषेवरचे दहा हजार आणि त्यावरचा उपकर, एवढाच घेतला जातो.

आता टेबलाशी बसलेल्या दुकानदाराचा हिशेब खऱ्या आकड्यांनी मांडून पाहावा. ऐंशी लाखांच्या विक्रीपैकी पन्नास लाख बँकेतून आले: सहा टक्क्यांनी तीन लाख. तीस लाख रोखीचे: आठ टक्क्यांनी दोन लाख चाळीस हजार. दुकानाचा नफा झाला पाच लाख चाळीस हजार. दुकानावरचा मजला एका शिकवणीवर्गाला महिना पंधरा हजारांनी दिला आहे. वर्षाच्या एक लाख ऐंशी हजारांतून दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते, उरतात एक लाख सव्वीस हजार. मुदत ठेवींचे व्याज साठ हजार. एकूण उत्पन्न सात लाख सव्वीस हजार, आणि त्यावर देय आयकर शून्य. इतकेच नव्हे, तर व्याजातून बँकेने दहा टक्क्यांनी कापलेले सहा हजार रुपये विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात.

दोन लाख ऐंशी हजार दाखवून जितका आयकर वाचतो, तितकाच सात लाख सव्वीस हजार दाखवूनही वाचतो. मग लपवण्याने नेमके मिळाले काय? आठ टक्के ही नफ्याची किमान पातळी आहे, कमाल नव्हे. खरा नफा दहा लाखांचा असेल तर कायदा दहा लाख दाखवू देतो, आणि भाडे-व्याज मिळवूनही ती बेरीज बारा लाखांच्या आतच राहते. तरीही हजारो विवरणपत्रांत नफा बरोबर आठ टक्क्यांवर येऊन थांबतो. जणू सगळ्या पेठेने एकाच तराजूवर धंदा तोलला असावा.

येथे आयकरापेक्षा वस्तू व सेवा कराचा धाक मोठा असतो, हे मान्य केले पाहिजे. मालाच्या व्यापाऱ्याला बहुतेक राज्यांत चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही. म्हणूनच कागदावरची उलाढाल पस्तीस लाखांवर अडते. उरलेल्या विक्रीची वाट निराळी काढली जाते. काही रोखीत राहते, काही पत्नीच्या बचत खात्याचा क्यूआर कोड गल्ल्याशेजारी चिकटवून तिकडे वळवली जाते. नोंदणी घेतली तर दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला आपसमेळ योजनेत एक टक्का कर भरून मोकळे होता येते, पण हा टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ऐंशी लाखांवर ऐंशी हजार रुपये स्वतःच्या खिशातून जातात. हा खर्च खरा आहे आणि तो नाही असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, एवढेच पाहायचे: बँकेची नऊ लाखांची वाढीव कर्जमर्यादा, आणि नोंदणीकृत मोठ्या ठेकेदारांना माल विकण्याची मोकळीक. आपसमेळ सोडून नियमित नोंदणी घेतली तर त्या ठेकेदारांना कराची वजावटही मिळते, आणि तेव्हा ते कमी भावाच्या कच्च्या बिलामागे जात नाहीत.

लपवणूक टिकते हा भ्रमही आता फार दिवसांचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. बंगळूरच्या अनेक दुकानांत 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. दूध-भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांनाही नोटिसा आल्या, त्यामुळे सरकारला खुलासे करावे लागले. विभागाची घाई टीकेस पात्र होती, पण दुकानदारांनी घेतलेला धडा त्याहून चुकीचा होता. उलाढाल यूपीआयने मोजली जात नाही. रोखीची विक्रीही तीत धरावीच लागते. पाटी बदलल्याने फक्त पुरावा बदलतो. आयकराच्या बाजूनेही चित्र तेच आहे. नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्येक करदात्याचे वार्षिक माहिती विवरण संकेतस्थळावर दिसते. ठेवींचे व्याज, लाभांश, समभागांची खरेदी-विक्री, मालमत्तेचे व्यवहार त्यात नोंदलेले असतात. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा चालू खात्यात पन्नास लाख रुपये रोख जमा झाले, तर बँकेला ते कळवावेच लागते. यात बँकेची मर्जी नसते, नियम असतो. पत्नीच्या खात्यावरचा क्यूआर कोड तिच्याच नावाने नोंदी उमटवत राहतो आणि एके दिवशी नोटीस तिच्या नावाने येते.

दुकानाबाहेरच्या उत्पन्नाची गोष्ट तर आणखीच गुंतागुंतीची. 'वरकमाई' या शब्दातच एक बेफिकिरी आहे. वरचे ते हिशेबाबाहेरचे, अशी समजूत. वास्तविक चुका सर्वांत जास्त येथेच होतात आणि त्या बहुधा लबाडीने नव्हे, अजाणतेपणाने होतात.

मुदत ठेवीच्या व्याजाचे उदाहरण बँकेच्या खिडकीवर रोज भेटते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाचे व्याज पन्नास हजारांच्या पुढे गेले, तरच बँक उगमस्थानी कर कापते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा एक लाखाची आहे. कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, असे पुष्कळांना वाटते. कापला म्हणजे विषय संपला, असे उरलेल्यांना वाटते. दोन्ही चूक. व्याज एकूण उत्पन्नात मिळवायचे आणि कापलेला कर त्यातून वजा करायचा, मग काही देणे असेल ते द्यायचे, येणे असेल ते मागायचे. पत्नीच्या नावे ठेव ठेवून व्याज वेगळे करण्याची युक्ती तर पिढ्यान्‌पिढ्यांची. पण पैसा पतीने दिलेला असेल तर त्याचे व्याज कायदा पतीच्याच उत्पन्नात धरतो. तिने शिवणकाम करून, मसाले-पापड विकून मिळवलेले पैसे मात्र सर्वस्वी तिचे. त्यांचे विवरणपत्र तिच्या नावाने भरले जावे, म्हणजे उद्या तिला स्वतःच्या नावावर कर्ज मागता येईल. अनेक घरांत ही कमाई 'तिचा हातखर्च' म्हणून कागदाबाहेरच राहते, आणि वीस वर्षे व्यवसाय करूनही त्या बाईच्या नावावर व्यवसायाचा एक कागद नसतो.

भाड्याचीही एक मेख आहे. नियमित पद्धतीने जीएसटी नोंदणी घेतलेल्या दुकानदाराने वरचा मजला दुकानासाठी किंवा शिकवणीवर्गासाठी दिला, तर ते भाडे कितीही लहान असो, त्याच्या उलाढालीत येते आणि त्यावर अठरा टक्के कर आकारावा लागतो. दुकान वेगळे, घरभाडे वेगळे, असा भेद ती नोंदणी करत नाही.

सर्वांत फसवे आहे ते कमिशन. गावातला विश्वासू माणूस म्हणून दुकानदाराला विमा प्रतिनिधी होण्याचा आग्रह होतो. वर्षाला वीस-तीस हजार सुटतात. परंतु अनुमानित योजनेतून वगळलेल्यांच्या यादीत कायद्याचे शब्द 'कमिशन किंवा दलालीच्या स्वरूपाचे उत्पन्न मिळवणारी व्यक्ती' असे आहेत. वगळला आहे तो माणूस, केवळ ते उत्पन्न नव्हे. शब्दशः वाचले तर तेवढ्या कमिशनापायी ऐंशी लाखांच्या दुकानालाही योजनेचे दार बंद होते आणि वह्या, खर्चाच्या पावत्या, सारे पुन्हा सुरू करावे लागते. विम्याची एजन्सी घेण्याआधी अर्धा तास सनदी लेखापालाकडे बसावे, असा सल्ला द्यायला कोणीतरी हवे होते. योजनेत असताना एखाद्या वर्षी आठ-सहा टक्क्यांखाली नफा दाखवून बाहेर पडले, तर पुढची पाच वर्षे परत येता येत नाही, हेही अनेकांना नंतर कळते.

या साऱ्या गोंधळाचे मूळ बहुधा गल्ल्यातच असते. विक्री, भाडे, उसनवारी, मुलाच्या फीसाठी काढलेले पैसे, गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी, सारे एका खणात पडते आणि एकाच खणातून निघते. त्यातला जीएसटी दुकानदाराचा कधीच नव्हता. तो सरकारचा पैसा काही दिवस त्याच्या खणात मुक्कामाला असतो. पण खण भरलेला दिसला की माल भरला जातो, आणि विवरणपत्राच्या तारखेला हातउसने शोधावे लागतात. अनुमानित योजनेचा एक अनपेक्षित तोटा हा झाला की, कायद्याने वही मागणे सोडले तशी दुकानदारानेही ती सोडून दिली. जुन्या पेठेत किर्द आणि खतावणी लिहिणारा मुनीम होता; त्याच्या वहीत घरखर्चाचे खाते निराळे असे. ती शिस्त सरकारसाठी नव्हती. मालकाला आपण कमावतो की खातो, हे कळावे यासाठी होती.

त्यासाठी आज मुनीम लागत नाही. धंद्याची सगळी आवक एकाच चालू खात्यात, घरखर्चासाठी तेथून महिन्याला ठरावीक रक्कम बचत खात्यात, आणि आठवड्याच्या शेवटी कराचा अंदाजे वाटा तिसऱ्या खात्यात, एवढ्याने निम्मे काम होते. ज्यांचे देणे वर्षाला दहा हजारांहून जास्त येते, त्यांना आगाऊ कर भरावाच लागतो. योजनेबाहेरच्या व्यावसायिकाला तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांत द्यावा लागतो. चुकल्यास महिन्याला एक टक्का व्याज. तिसऱ्या खात्यात पैसे साठत असतील तर या तारखा येतात आणि जातात. नसतील तर धंद्यातून पैसा ओढावा लागतो, तोही नेमका मार्चअखेरीला, जेव्हा उधारी वसूल होत नाही.

एवढे सांगूनही कमी दाखवण्यातच शहाणपण वाटत असेल, तर आणखी एक हिशेब आहे. तो मांडताना हात जड होतो, पण टाळून चालणार नाही. बेचाळीस वर्षांचा हा दुकानदार माल आणायला निघाला आणि रस्त्यावर अपघातात गेला, असे क्षणभर समजावे. मागे पत्नी आणि दोन मुले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुकसानभरपाई ठरवताना मृताचे उत्पन्न पाहते आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याचे स्वतःचे आयकर विवरणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीप्रमाणे स्वयंरोजगार असलेल्या या वयाच्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीचे पंचवीस टक्के मिळवतात, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करतात आणि उरलेल्या रकमेला चौदाने गुणतात. दुकानाचे उत्पन्न पाच लाख चाळीस हजार असताना दोन लाख ऐंशी हजार दाखवले गेले. फरक दोन लाख साठ हजारांचा. त्या रीतीने तो फरक तीस लाखांच्या पुढे जातो. वकिलाने कितीही सांगितले की धंदा मोठा होता, तरी दिवंगत माणसाची सही उलट बाजूने साक्ष देते.

टेबलाशी बसलेल्या दुकानदाराला अधिकारी हे सगळे सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, मागील वर्षांत खरोखर कर बुडालेला असेल तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढवली, मात्र उशिराप्रमाणे कर व व्याजाच्या पंचवीस ते सत्तर टक्के इतका जादा कर भरावा लागतो. जीएसटीचे मागचे देणे किती निघते, हे लेखापालाकडून आधी काढून घ्यावे. आणि कर्जासाठी म्हणून एकाच आठवड्यात तीन वर्षांची भरघोस विवरणपत्रे दाखल करून आणू नयेत, कारण अधिकारी आकड्यांच्या आधी दाखल केल्याची तारीख पाहतो.

दुकानदार चहा संपवतो. सात लाखांच्या अर्जावर सही करतो. कर्जमर्यादेचे नूतनीकरण दर वर्षी होते; पुढच्या खेपेला चार तिमाहींची जीएसटी विवरणपत्रे आणि एक खरे आयकर विवरणपत्र सोबत असेल तर मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव करता येईल, असे अधिकारी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवतो. यंदाच्या दिवाळीला मात्र सात लाखांतच माल भरायचा आहे, आणि दुकानातली रंगाच्या डब्यांची एक फळी रिकामी राहणार आहे.